पायव्याची माती

ट्रॅक्टर गल्लीत उभा होता, ट्रॉलीचं फाळकं खाली सोडलेलं होतं, दोन गडी फावडी घेऊन तयार होते आणि भागीरथाबाई मातीच्या ढिगावर मांडी ठोकून बसली होती. उठायचं नाव नाही.

"मावशी, उठ वो. महादेवरावनं धाडलं आमाले. हे माती नेयाची हाये."

"त्याइले जाऊन सांग, माती द्याची नाई."

"अवं, फुकट नेऊन राहिले ते!" तिचा नवरा बुधाजी दारातून ओरडला. "आपली जागा मोकयी होऊन राहिली, अन् तू काय ढिगावर बसली नागिनीवानी?"

"नागीन तं नागीन. जो हात लावन त्याले डसन."

गडी हसले. ट्रॅक्टरवाल्यानं बिडी पेटवली, अर्धी ओढली, म्हातारी हलत नाही असं पाहून रिकामी ट्रॉली घेऊन निघून गेला.

हे सगळं मी माझ्या मागच्या दारात भांडी घासत पाहत होते. मी शालू. त्यांच्या घराला लागून माझं घर. त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक मला येते, म्हणून पुढचं काही मला कोणाला विचारावं लागलेलं नाही.

बुधाजीच्या घराला घरकुल मंजूर झालं ते भागीरथाबाईच्या नावानं. बाईच्या नावानं लवकर होतं असं कोणी सांगितलं म्हणून तसं झालं. बुधाजीला त्यात काही वाटलं नाही, पण म्हातारीनं ते फार मनावर घेतलं. जागा म्हणजे किती? पुढं एक खोली, मागं एक खोली आणि त्यामागं दोन बाजा टाकल्या तर तिसरीला जागा शोधावी लागेल एवढी सांदवाडी. घरामागच्या मोकळ्या जागेला आम्ही सांदवाडी म्हणतो. आधी तिथं बकऱ्या बांधायचे, चुलीची राख टाकायचे. तिच्याकडे पाहायचं कोणाला कारण नव्हतं.

आमच्या तेल्हाऱ्याकडच्या काळ्या मातीचं एक आहे. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, ती सोनं आणि भिंतीला वैरी. पाणी प्याली की फुगते, उन्हात आकसते, आणि वर जे काही उभं असेल त्याला हलवते. म्हणून इकडे पाया खोदायचा तर मुरूम लागेपर्यंत खोदतात, खड्ड्यात मुरूम भरतात आणि निघालेली काळी माती बाहेर फेकतात. बुधाजीच्या पायव्याचीही अशीच निघाली, छातीइतक्या खोल खड्ड्यांची, तेलासारखी चकाकणारी. महादेवरावाच्या वावरात ओढ्याच्या बाजूला घळ पडली होती, ती बुजवायला त्याला ती हवी होती.

संध्याकाळी मी म्हटलं, "मावशी, देऊन टाकायची होती. तू काय करतं तिचं?"

भागीरथाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शालू, जलमभर लोकायच्या वावरात निंदलं, कापूस येचला. पावसायात सांजच्यानं घरी निघो तं पायाले सेर-सेर माती चिकटलेली राहे. ते बी बांधावर झटकून याव लागे. आता पयल्यांदा माही सोताची माती निंगाली. तिच्यातली मूठभर बी गावाबायेर जाऊ देत नाई मी."

मी तिच्या सुपातले खडे वेचू लागले.

घर उभं राहिलं तसा म्हातारीनं सुनेला, मायाला, हाताशी घेतलं आणि तो अख्खा ढीग सांदवाडीभर पसरला. चांगला दीड हाताचा थर झाला, पार मागच्या भिंतीला टेकेपर्यंत. गवंडी धर्मपाल तेव्हा गिलाव्याचं काम करत होता. तो म्हणाला, "मावशी, भिंतीपासून दूर ठेव वो हे." म्हातारी म्हणाली, "तू आपली थापी चालव." धर्मपालनं थापी चालवली.

मग तिनं वाफे पाडले. हौस काय वर्णावी! एकात वांगी, एकात मिरची, एकात मेथी, कडेला भेंडी, कुंपणाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वालाचा वेल. काळ्या मातीत कापूस पुरुषभर होतो, मग वांगी का होणार नाहीत, असा तिचा हिशेब. हिशेबात चूक एवढीच की वावरातली काळी माती पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेली, उन्हानं-पाल्यानं मऊ झालेली असते. ही तर जमिनीच्या पोटातली, जन्मात ऊन न पाहिलेली चिकण होती. पण हे तेव्हा आमच्या एकीच्याही ध्यानात आलं नाही. काळी आई दिसली की आमच्या लोकांचे हात जोडले जातात.

पावसाळ्यात त्या वाफ्यांचं जे झालं ते पाहवत नव्हतं. पाणी वरच्या वर साचून राहायचं. पाय टाकला तर पाय निघायचा, चप्पल आतच राहायची. मेथी पिवळी पडून सडली. वांग्याची रोपं आठवडाभर उभी राहिली, मग त्यांनी मान टाकली. दिवाळीनंतर ऊन लागलं तशी तीच माती तडकली. भेगा अशा की माझ्या कोंबडीचं एक पिल्लू आत गेलं ते गेलंच. आवाज येत होता, हात पोचत नव्हता. मिरचीची तीन-चार झाडं कशीबशी जगली होती, त्यांची मुळं भेगेत अधांतरी लोंबकळत होती.

"हे कायी आई नोय, कायी सासू हाये," मी म्हटलं.

म्हातारी हसली नाही.

माया मोर्शीकडची. तिचा बाप संत्र्याच्या बागेवर राखणदार होता, त्यामुळे मातीतलं आपल्याला कळतं असं तिला वाटायचं. ती मोबाइल घेऊन आली. "आत्याबाई, हे पाहा. चिकट मातीत रेती मिसयाची. माती भुसभुशीत होते मनते."

गिलाव्याची रेती उरलीच होती. दोघींनी ती वाफ्यांत ओतली, पाणी टाकलं आणि साड्या खोचून पायांनी तुडवली. दोन दिवस माती खरंच दाणेदार दिसली. भागीरथाबाई मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली. पौषातल्या कोरड्या हवेनं ती जी वाळली, ती वीट झाली. खुरपं टेकवलं तर खुरप्याचं पातं वाकलं. टिकास मारली तर ठण्ण आवाज आला आणि ठिणगी उडाली.

बुधाजी खाटेवरून म्हणाला, "घरकुलाले सिमेंट कमी पडलं तवा हे नाई सुचलं तुमाले. पायवा बी याच्यातच भरला असता."

"तुमी हासा," म्हातारी म्हणाली. "हासाले काय लागते?"

तिनं मग दुसरं आरंभलं. कोणाकडे तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, उरलंय, कोणाच्या गोठ्यात शेण पडलंय, हे पाहत ती गावभर हिंडू लागली. टोपलं डोक्यावर, घाम मानेवर. कुटार, शेण, राख, पालापाचोळा, जे मिळेल ते त्या दगडावर आणून टाकायची आणि वरून रोज पाणी ओतायची. धुण्याचं पाणी, आंघोळीचं पाणी, तांदळाचं धुवण, कशाचाही थेंब गल्लीत जाऊ द्यायची नाही. आमच्या गावात नळाला पाणी आलं की बाया भांडतात, आणि ही म्हातारी मातीला आंघोळ घालते, असं लोक म्हणायचे. खरं सांगते, मीही म्हणायचे. पण वरचा बोटभर थर जरा काळसर मऊ होऊ लागला होता, हेही खरं.

भीमजयंती आली. वस्तीत सगळीकडे रंगरंगोटी चालू. बुधाजीनं निळा रंग आणला आणि ब्रश घेऊन मागच्या भिंतीकडे गेला. थोड्या वेळानं ब्रश हातात तसाच, रंग कोपरापर्यंत ओघळलेला, तो माझ्या दारात उभा.

"शालू, जरा ये बरं अठी. माहे डोये फसवून राहिले का ते पाह्य."

डोळे फसवत नव्हते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघाली होती, पार जमिनीपर्यंत. बुधाजीनं तिच्यात माचिसची काडी घातली. काडी आत गेली.

बुधाजीचं ऐकून घ्या, म्हणजे त्याला दोष देणार नाही. जन्म कुडाच्या नि मातीच्या घरात गेला. दर पावसाळ्यात एक भिंत बसायची. एकदा तर जेवताना ताटावर बसली. आयुष्यभर सालगडी म्हणून राबला आणि म्हातारपणी विटांची भिंत पाठीशी आली. रोज संध्याकाळी तो त्या भिंतीला पाठ लावून बसायचा, त्याला दुसरं काही नको होतं. आता तो रोज सकाळी उठला की आधी काडी घालून पाहायचा. तोंड नंतर धुवायचा.

"तुह्या पाण्यानं झालं हे!" तो म्हातारीवर तुटून पडला. "रोज भिंतीच्या बुडाशी पाणी! मी मनलं होतं, मनलं होतं का नाई? पुरे झाली बागाईत. उद्यापासून एक तांब्या बी टाकशीन तं पाह्य!"

"पाणी बंद केलं तं माती पुन्हा दगड होईन."

"होऊ दे दगड! घर पायजे का वांगे पायजेत?"

"दोनी पायजेत," म्हातारी म्हणाली. "काऊन, मले दोन गोष्टी मागता येत नाई?"

पाणी बंद झालं. चैत्राचं ऊन तापलं, माती पुन्हा तडकली आणि भिंतीची भेग कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आता काडी आडवी जायला लागली. बुधाजीची झोप गेली. त्यांचा पोरगा, मायाचा नवरा धम्मदीप, अकोटला जिनिंगमध्ये कामाला. त्यानं फोनवर ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "सांदवाडीत गट्टू बसवून टाकू. सिमेंटचे. पाणी मुरणार नाई, चिखल नाई, कटकट नाई. पावसायाच्या आंधी करून टाकतो. बाई बसन तठी खाट टाकून आरामात."

आईला तो बाई म्हणतो. फोन मोठ्या आवाजावर होता. म्हातारीनं सगळं ऐकलं आणि उठून माझ्याकडे आली. माझ्या ओट्यावर बसली. मी चहा टाकला, तो तिच्यापुढे गार झाला.

"त्याइचं बी खरं हाये शालू," ती म्हणाली. "भिंत पडली तं मी काय तोंड दाखवू बुढ्याले? पण वावर तं जलमात भेटलं नाई. हे येवढुशी सांद भेटली. तिच्यावर बी आता फरशी टाकून राहिले. मले खाटीवर आराम कराले नाई पायजे वो. मले खुरपं घेऊन माह्या मातीत बसाले पायजे. येवढंच पायजे होतं."

आणि ती रडली. मी भागीरथाबाईला नवऱ्याशी भांडताना पाहिलंय, सापाला काठीनं मारताना पाहिलंय, पण रडताना तेव्हाच पाहिलं. मला फार वाईट वाटलं. चहा पुन्हा गरम करून दिला, दुसरं माझ्या हातात काय होतं?

गट्टू बसवायच्या आधी भिंतीचं काय करायचं ते बघायला धर्मपालला बोलावलं. तो आला, भेग पाहिली, भिंतीच्या बुडाशी उकिडवा बसला आणि टेकलेल्या मातीवर बोटानं टकटक केलं.

"काकाजी, हे माती आंगावर घेतली का तुमी भिंतीच्या? मी तवाच मनलं होतं. पायवा मुरमात हाये, त्याले काई झालं नाई. पण हे दीड हात माती बायेरून टेकली. पाणी देल्लं तं फुगून रेटते, बंद केलं तं आकसून ओढते. तुमी पाणी बंद करून राहिले. रोग रेड्याले अन् औषध पखालीले!"

"मंग गट्टू?"

"गट्टू बी उखडतीन हिच्यावर. आंधी भिंतीपासून माती काढा, तठी मुरूम भरा. मंग मी भेग भरून देतो."

बुधाजीनं म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी मातीकडे पाहत होती. काही बोलायच्या आधीच धर्मपालनं सब्बल, लोखंडी पहार, उचलली आणि भिंतीलगत हाणली. ठण्ण. पुन्हा हाणली, ढेकूळ निघालं. माया घमेल्यात भरू लागली. दीड हात खाली गेल्यावर धर्मपालनं सवयीनं जोरात सब्बल मारली आणि तोंडावर पडता पडता वाचला. सब्बल लोण्यात जावी तशी आत गेली होती.

"हे काय आलं वो खाली?"

मायानं हात घालून मूठभर वर काढली. राखाडी, मोकळी, बोटांतून गळणारी माती. तिच्यात लेंड्या कुजून झालेली भुकटी, कोळशाचे बारीक खडे आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा. एक गांडूळ मुठीतून खाली पडलं आणि लगेच आत शिरलं. गांडूळ! वरच्या थरात वर्षभर म्हातारीनं जीव काढला, तिथं एक दिसलं नव्हतं.

भागीरथाबाई पुढं आली. ती मूठ तिनं आपल्या हातात घेतली, वास घेतला. मग खाली बसली.

"हे तं माही राख हाये," ती म्हणाली. "लगन होऊन आली तवापासून सासू मनत होती, चुलीची राख मांगं टाक, बकऱ्याचं लोटन मांगं टाक. इतके वर्सं मीच टाकली. रोज. तयार होऊन बसली होती वो हे. अन् मी... मीच माह्या हातानं तिच्यावर माती लोटली."

काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण माझ्या ओठावर आली होती, ती मी गिळली. गावभर टोपलं घेऊन शेण-राख मागत हिंडलेली बाई समोर बसलेली असताना ती म्हण कोण उच्चारेल? बुधाजीसुद्धा गप्प होता, आणि त्याच्याइतका टोमणे मारणारा माणूस आमच्या वस्तीत दुसरा नाही.

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "काढा," ती म्हणाली. "भिंतीजवयचीच नाई. सगयी काढा."

सगळी काढा म्हणणं सोपं. न्यायची कुठं? म्हातारी दुसऱ्या दिवशी मलाच सोबत घेऊन महादेवरावाकडे गेली. तो ओसरीत खुर्ची टाकून बसला होता.

"महादेवराव, तुमी माती मांगत होते ना? न्या मंग. सगयी न्या."

महादेवराव तसा वाईट माणूस नाही. पण संधी सोडणाराही नाही. "भागीरथाबाई, तवा ट्रॅक्टर दारात उभा केल्ता, तू ढिगावर बसली. गावभर सांगतलं, महादेवराव माही माती लुटून राहिला. आता मी तलावातली माती आणून घय बुजवली. तुही माती माह्या कोन्या कामाची?"

"चूक झाली," म्हातारी म्हणाली.

"मंग आता बस पुन्हा ढिगावर," तो म्हणाला आणि हसला. ओसरीतले दोघंतिघंही हसले.

वैशाखाचं ऊन. गल्लीच्या नालीत माती टाकाल तर याद राखा, असं ग्रामपंचायतीचा माणूस सांगून गेलेला. गावाबाहेरच्या खदानीपर्यंत न्यायची तर टोपल्यानं. पहाटे उजाडलं की म्हातारी आणि माया सुरू व्हायच्या. टिकाशीनं फोडायचं, टोपल्यात भरायचं, डोक्यावर घ्यायचं. ज्या मातीची मूठभर गावाबाहेर जाऊ देणार नव्हती, ती ही बाई स्वतःच्या डोक्यावरून गावाबाहेर टाकत होती. बघणाऱ्यांना गंमत वाटत होती. मला नाही वाटली.

बुधाजी पहिले काही दिवस खाटेवरून पाहत राहिला. मग एका सकाळी टोपलं उचलून द्यायला हात लावला. मग टिकासच त्याच्या हातात आली. चार घाव घातले की धाप लागायची, पण टिकास सोडायचा नाही.

"पायाले लागली तं झटकून येजा हो खदानीत," म्हातारी त्याला म्हणाली. "घरी आणू नोका."

बुधाजीनं तिच्याकडे पाहिलं. "तू बी गंमतच करून राहिली माही," तो म्हणाला, पण त्यानं पाय झटकले.

भिंतीलगत मुरूम भरला. धर्मपालनं भेग भरून दिली. निम्म्याहून जास्त सांदवाडी मोकळी झाली आणि खालची राखाडी माती उघडी पडली, तेव्हा मायाच्या लक्षात एक वेगळंच आलं.

"आत्याबाई, हे तं हौद झाला. गल्ली वर, आपण खाली. पाऊस लागला का सगया गल्लीचं पाणी आपल्याच घरात येईन."

म्हातारी टोपलं टेकवून उभी राहिली. गल्लीकडे पाहिलं, उरलेल्या मातीकडे पाहिलं. "हिच्यातून पाणी जाते का?" तिनं विचारलं.

"कायचं जाते! जात असतं तं रडलो असतो का आपण?"

"मंग बाकीची खदानीत नेऊ नोका. बांध घालू."

उरलेली चिकण कुटार घालून भिजवली, तिघांनी तुडवली आणि सांदवाडीच्या तिन्ही बाजूंनी गुडघाभर बांध घातला. वरून हातानं लिंपला. एक बाजू गल्लीकडे, एक मागच्या पडीक जागेकडे, आणि तिसरी माझ्याकडे. आमच्या दोघींच्या मध्ये पूर्वी पऱ्हाट्यांचं कुंपण होतं. ते माती काढताना मोडलं होतं, तिथंच बांध आला. धम्मदीप रविवारी आला, सगळं पाहिलं आणि गट्टूवाल्याला फोन करून नाही म्हणाला. तो जेवायला बसला तेव्हा त्याच्या भाकरीवर म्हातारीनं तेलाची धार जरा जास्त धरली.

पाऊस लागला तेव्हा पहिल्याच मोठ्या सरीला गल्ली नालीसारखी वाहिली. बुधाजी आत भिंतीजवळ काडी घेऊन, म्हातारी बाहेर बांधाजवळ पोतं पांघरून. पाणी बांधाला येऊन थडकलं, वळलं आणि पुढं गेलं. जी माती पाणी पोटात घेत नव्हती म्हणून वर्षभर शिव्या खाल्ल्या, ती आता त्याच गुणानं कामी आली. भेगेची रेघ अजून दिसते. पुढच्या उन्हाळ्यात ती उघडेल की नाही हे धर्मपालही सांगत नाही. बुधाजीची काडी खिडकीत ठेवलेलीच असते.

पण वांगी आली. धम्मचक्र दिनाला आमच्या वस्तीत जेवण असतं, त्याला भागीरथाबाईनं टोपलंभर वांगी दिली. काटेरी, जांभळी, देठाशी हिरवी. देताना कोणाला काही सांगितलं नाही, पण ज्यानं त्यानं विचारावं म्हणून टोपल्याजवळून हललीही नाही.

आता शेवटचं सांगते, कारण त्याच्यासाठीच एवढं सांगितलं.

परवा मी माझ्या बाजूनं शेणकूट रचत होते, तर माझं सरपण बांधाला टेकायला लागलेलं. आधी मध्ये माणूस जाईल एवढी जागा होती. मी नीट पाहिलं. बांध लिंपता लिंपता, दर खेपेला बोटभर, माझ्याकडे सरकला होता. चांगला वीतभर माझ्या जागेत.

"मावशी," मी म्हटलं, "बांध माह्या जागेत आला वो तुहा."

खुरपं हातात घेऊन भागीरथाबाई ताडकन उभी राहिली. "बांध हाये तठीच हाये. तूच कोरून राहिली शेणकूट टेकवून टेकवून. मी काई आंधयी नोय!"

"मी कोरून राहिली? वीतभर जागा खाल्ली माही!"

"खबरदार शालू, माह्या बांधाले हात लावला तं! तहसीलीत जाईन मी! मोजनी आणीन!"

आवाज असा लागला की सगळी वस्ती गोळा झाली. माया हसून आत पळाली. बुधाजी काठी टेकत बाहेर आला. "अवं, कायले भांडता शेजारनी-शेजारनी? वीतभर जागेसाठी?"

म्हातारीनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो दारातच थांबला.

"वीतभर?" ती म्हणाली. "ज्याचं वावर हाये त्याले जाऊन पुसा वीतभर मंजे काय असते ते."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावरची भांडणं ऐकत निंदण करणारी ही बाई. मालक-मालक एकमेकांच्या डोक्यात दगड घालायचे, आणि ही खाली मान घालून तण उपटायची, कारण त्यात तिचं काही नव्हतं. हे मला आठवलं आणि माझा राग कुठं गेला कळलं नाही. पण मी गप्प बसले नाही. मी कमरेला पदर खोचला आणि चांगली दहा घरं ऐकतील अशी भांडले. मी गप्प बसले असते तर तिच्या बांधाचा अपमान झाला असता.

अंधार पडायला लागला तशी ती थकली. "उद्या पाहून घेईन तुले," म्हणाली आणि वळली. मळा भिजवलेला होता, पायांना माती चिकटलेली होती. घरात जायच्या आधी ती बांधावर चढली, माझ्याकडे पाठ केली आणि एक एक पाय उचलून झटकला, माती आपल्या बाजूला पडेल अशा बेतानं.